चाळिशीनंतरची सायकल शर्यत: डावपेचांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची राइड संपवून खडकवासल्याच्या चौपाटीवर चहा घेताना हेच प्रश्न फिरून फिरून येतात. दर वेळी तोच चहा, तेच उत्तर. म्हणून एकदाचं लिहून काढलं. लिहिणारा पंचावन्न वर्षांचा, नोकरदार, आजवर दोनदाच पोडियमवर चढलेला. त्यातल्या एका वेळी गटात चारच जण होते. त्या हिशेबानं वाचावं.

मास्टर्स म्हणजे नक्की किती वय?

यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांत तिशीपासून मास्टर्स, म्हणजे वयानं मोठ्यांचा गट, धरतात. आपल्याकडच्या हौशी शर्यतींत मात्र कुठे ३५, कुठे ४०, कुठे ४५ पासून गट सुरू होतो, त्यामुळे पत्रक नीट वाचा. यूसीआयच्या हिशेबात शर्यतीचं साल वजा जन्मसाल, एवढंच वय. वाढदिवस कधी आहे याला किंमत नाही. डिसेंबरात जन्मलेला माणूस जानेवारीतच एक वर्षानं म्हातारा होतो. पण याचा फायदाही असतो, वरच्या गटात वर्षभर आधी जाता येतं.

ज्याच्या पायांत जोर तो पुढे. यात डावपेच कुठून आले?

वाऱ्यातून आले. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढच्या वेगाला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. ताशी ३० वरून ४० वर जायचं तर वेग दीडपटही होत नाही, पण हवेपुरती ताकद जवळपास २.४ पट लागते. तीच हवा पुढचा माणूस कापत असेल, तर त्याच्या चाकामागे साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणजे तुमच्याइतकाच, किंवा तुमच्याहून थोडा कमी जोराचा माणूस तासभर तुमच्या मागे बसला, तर शेवटच्या किलोमीटरला तो तुमच्याहून ताजा असतो. डावपेच म्हणतात ते एवढंच: कोण किती वेळ वारा खातंय याचा हिशेब.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. मध्यभागी आणि मागे असलेल्यांना एकट्या स्वाराच्या तुलनेत हवेचा अवघा ५ ते १० टक्के विरोध होतो, असं त्यात दिसलं. आपल्या शर्यतीत १२१ कुठून येणार! वीस जण आले तरी आयोजक खूश. त्यामुळे आपला फायदा त्याहून बराच कमी, पण दिशा तीच.

पुढच्या चाकाच्या किती जवळ राहायचं?

सवय असेल तर अर्धं चाक, नसेल तर एक चाक. नजर त्याच्या टायरवर खिळवू नका. त्याच्या खांद्यावरून पुढे बघा, खड्डा तिथूनच येणार आहे. आणि पुढच्या चाकाला आपलं चाक बाजूनं कधीही ओव्हरलॅप करू नका. तो जरासा सरकला की तो जातो पुढे, पडता तुम्ही.

सतत दुसऱ्याच्या मागे राहणं म्हणजे फुकटेपणा नाही का?

हा प्रश्न खास पुणेरी आहे. उत्तर परिस्थितीवर अवलंबून. तुमचा साथीदार पुढे पळून गेला असेल, तर पाठलाग करणाऱ्यांना हातभार लावायची तुमच्यावर काडीची जबाबदारी नाही. बिनधास्त मागे बसा. तुम्ही खरंच दमला असाल, तर तसं सांगून मागे राहा. पण चाळीस किलोमीटर एकदाही टर्न न देता, म्हणजे पुढे येऊन वारा न खाता, शेवटी सहाव्या नंबरासाठी सगळ्यांना ओलांडणारा तो आयत्या बिळावरचा नागोबा. नियमात ते बसतं. पण पुढच्या रविवारी त्याला कोणी चाक देत नाही, आणि हौशी शर्यतीत माणसं तीच ती असतात.

टर्न द्यायचाच तर छोटा द्या. वीस-तीस सेकंद पुढे, वेग आहे तोच ठेवायचा, मग बाजूला. नवखा माणूस पुढे आला की हटकून वेग वाढवतो, जणू परीक्षकच बसलेत. मागे दोरी तुटते आणि ज्यांच्यासोबत जायचं तेच सुटतात.

घोळक्यात नेमकं कुठे राहू?

वारीत दिवे घाट चढलेल्याला हे सांगावं लागत नाही. दिंडीच्या पुढच्या टोकाची माणसं एका चालीनं चालतात. मागच्या टोकाची आधी थांबतात, मग धावतात, परत थांबतात. सायकलींच्या घोळक्यात अगदी तेच होतं. वळणावर पहिला माणूस किंचित ब्रेक लावतो, दहावा जरा जास्त, विसाव्याला जवळपास थांबावं लागतं. आणि वळण संपताच त्याला उभं राहून पळावं लागतं. पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत अशी तीस वळणं, गतिरोधक आणि अरुंद पूल आले, तर विसाव्या जागेवरच्यानं तीस फुकट स्प्रिंट मारलेले असतात. तिशीच्या पोराला ते चालतं. आपल्याला दोन तासांनी त्याचं बिल येतं.

म्हणून पहिल्या पाच-सहांत राहा, पण पहिले नको. तिसरी-चौथी जागा उत्तम. ती टिकत नाही, सतत कोणीतरी बाजूनं पुढे येतं आणि तुम्ही न हलता बारावे होता. दर काही मिनिटांनी थोडंसं पुढे सरकत राहायचं, शक्यतो दुसरा कोणी पुढे चालला असेल त्याच्या चाकामागून. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर आपल्या रस्त्यांवरून गेली तेव्हा कडेला उभं राहून मी फक्त हेच बघितलं. व्यावसायिकांचा घोळका एका जागी कधीच नसतो, कडांनी माणसं पुढे येत राहतात आणि मधून मागे झिरपतात.

बाजूनं वारा आला की आमची राइड फाटते. का?

कारण तेव्हा आडोसा मागे नसतो, तिरका असतो. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा पश्चिमेचा. सातारा रस्ता ढोबळमानानं दक्षिणेला जातो, म्हणजे जाताना वारा उजव्या अंगावर येतो. आडोसा पुढच्याच्या मागे आणि डावीकडे मिळतो. पहिला उजवीकडे, दुसरा त्याच्या किंचित मागे-डावीकडे, तिसरा आणखी डावीकडे, अशी पंख्यासारखी रांग लागते. रस्ता वाहतुकीला अर्धाच बंद असेल तर त्यात चार-पाच जण मावतात. सहावा डाव्या कडेला पोचतो, तिथे रस्ता संपतो, आणि तिथून मागचे सगळे एकामागे एक गटाराच्या कडेनं उघड्या वाऱ्यात धडपडत राहतात. त्यातल्या एकाचा दम गेला की त्याच्या मागचे सगळे सुटले.

यावर उपाय घडायच्या आधीच करायचा. रस्ता उघड्या माळावर येणार, झाडं-घरं संपणार असं दिसलं की त्याआधी पुढे या. मागे अडकलातच तर पुढच्या पंख्यात घुसायची मारामारी करू नका. मागच्या चार जणांना हाक मारा आणि तुमचा वेगळा पंखा लावा. आणि दुभाजकाच्या, पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे जायचं नाही. समोरून येणाऱ्या ट्रकला तुमचा पंखा कळत नाही.

घाटात काय करायचं? मी जड आहे, घाटात दर वेळी सुटतो.

मीही ७८ किलोचा. यावर सविस्तर लिहितो, कारण पुण्यात शर्यत म्हटली की कुठला ना कुठला घाट येतोच.

पहिली गोष्ट, सगळे घाट सारखे नसतात. पसरणीसारख्या मध्यम चढावर चांगले लोक अठरा-वीसच्या वेगानं जातात, तिथे चाकामागे बसण्याचा फायदा अजून शिल्लक असतो. सिंहगडाच्या उभ्या टप्प्यात वेग दहा-अकरावर येतो, तिथे वारा संपतो आणि उरतं ते वजन आणि पाय. पसरणीत दुसऱ्याचं चाक धरून ठेवण्यासाठी थोडं सोसायला हरकत नाही; सिंहगडावर दुसऱ्याकडे बघायचंच नाही.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी सिंहगडाच्या एका टाइम ट्रायलमध्ये (एकेकाला वेगळं सोडून घड्याळावर लावलेली शर्यत) माझ्या एक मिनिट आधी सुटलेला निळी जर्सी घातलेला माणूस पहिल्या वळणावर दिसला. म्हटलं, याला धरू. दोन किलोमीटरांत धरलाही. छातीचा पट्टा हृदयाचे ठोके १७४ दाखवत होता, माझ्या वयाच्या हिशेबानं जवळपास छप्पर. चढ सगळा मिळून नऊएक किलोमीटर. पाचव्याला निळी जर्सी शांतपणे माझ्या शेजारून गेली. सातव्याला मी एका पायाचं क्लीट (बूट पेडलला अडकवणारी खाच) काढून रस्त्यावर उभा होतो आणि डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन चाललेल्या एक मावशी म्हणाल्या, "बसा जरा, गड कुठं पळून चाललाय?" वर पोचल्यावर पिठलं-भाकरी खाल्ली, ते सोडलं तर त्या दिवसात सांगण्यासारखं काही नाही.

तर, पहिला एक तृतीयांश चढ असा चढायचा की आपण फारच हळू चाललोय असं वाटलं पाहिजे. तीव्र वळणावर आतल्या बाजूला चढ जास्त उभा असतो. रस्ता बंद असेल आणि समोरून काही येत नसेल तर बाहेरून जा. दोन मीटर जास्त पडतात, पण पाय वाचतात.

दुसरी गोष्ट घोळक्याच्या शर्यतीसाठी. जड माणसानं घाट सुरू होताना अगदी पुढे असावं. मग आपल्या चालीनं चढायचं आणि एकेकाला पुढे जाऊ द्यायचं. पायथ्याला तिसरे असाल आणि माथ्यावर पंधरावे, तरी तुम्ही घोळक्यातच आहात. पायथ्याला पंधरावे असाल तर माथ्यावर एकटे. बोपदेवसारख्या छोट्या घाटात ही युक्ती हमखास चालते, मोठ्या घाटात काही काळच.

तिसरी गोष्ट माथ्याची. चढ संपताक्षणी सगळे बाटलीला हात घालतात, आणि मुरलेला माणूस नेमका तिथे हल्ला करतो. चढ माथ्यावर संपत नाही असं समजा. पुढचे दोनशे मीटर, वेग पुन्हा तिशीला येईपर्यंत, पाय सोडायचे नाहीत. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत आले आहेत. मान मोठा, पण लोणावळ्यापासून पुणं अजून साठ-पासष्ट किलोमीटर असतं. राजेपद घ्यायचं की पुण्यात पहिलं यायचं हे खोपोलीलाच ठरवावं लागतं.

घोळक्यातून पळून जायचं तर कधी?

सगळे जोरात असताना नाही. कोणीतरी पकडला गेला, सगळे एकमेकांकडे बघताहेत, वेग जरा पडलाय, तेव्हा. आणि पहिल्या जागेवरून नाही. सातव्या-आठव्या जागेवरून वेग घेत या, म्हणजे पहिल्याच्या शेजारून जाताना तुमचा वेग त्याच्याहून सात-आठनं जास्त असतो आणि तो उठेपर्यंत वीस मीटर पडलेले असतात. मग अर्धा मिनिट मागे वळून बघायचं नाही.

टोकियो ऑलिम्पिकची महिलांची रोड रेस मी नव्या लोकांना नेहमी सांगतो. २५ जुलै २०२१, १३७ किलोमीटर. ऑस्ट्रियाची अॅना कीसेनहोफर, गणितात पीएचडी, कुठल्याही व्यावसायिक संघात नाही. झेंडा पडताच ती पळाली. सोबत उरलेल्या दोघींना तिनं साधारण ४० किलोमीटर राहिले असताना मागे टाकलं आणि सव्वा मिनिटानं जिंकली. ऑलिम्पिकमध्ये कानात रेडिओ नसतो. मागच्या बलाढ्य डच संघाला पुढे अजून कोणी आहे याचा पत्ताच नव्हता. आन्नेमीक व्हॅन व्ल्यूटन दुसरी आली आणि सुवर्ण मिळालं असं समजून तिनं हात वर केले. आपल्या शर्यतीतही कोणाच्याच कानात काही नसतं. तेव्हा पळणाऱ्यानं लवकर नजरेआड व्हावं, एका वळणाच्या पलीकडे गेलात की निम्मे लोक तुम्हाला विसरतात. आणि मागे असलेल्यांनी पुढे किती गेले ते मोजत राहावं. न लाजता विचारा. मी एकदा पाचव्या जागेसाठी जिवाच्या आकांतानं स्प्रिंट मारला, ती नववी निघाली.

आम्ही चौघं पळालो, त्यात एक जण टर्न देत नाही. काय करू?

पहिल्यांदा विचारा, कदाचित तो खरंच मेलेला असेल. नसेल तर दोन पर्याय. एक, घाटात किंवा वळणानंतर जोर लावून त्याला सोडणं. दोन, त्याला तसाच ओढत नेऊन चौथा नंबर देणं. तिसरा पर्याय सगळ्यात लोकप्रिय आहे: चौघांनी थांबून भांडायचं. तेवढ्यात घोळका येतो.

पन्नाशीत तिशीच्या लोकांशी एकाच घोळक्यात पळावं लागलं तर?

बऱ्याच स्पर्धांत सगळे गट एकत्र सोडतात आणि निकाल वेगळे लावतात. अशा वेळी आपल्या गटाचे नंबर ओळखून ठेवा. तिशीतली पोरं भांडत असतील तर भांडू द्या, त्यांच्या हल्ल्यामागे धावायचं आपल्याला कारण नाही. आपल्या गटातला एखादा त्यांच्यासोबत गेला तरच उठायचं.

वय वाढलं की सगळ्यात आधी झटक्याची ताकद जाते. लांब पल्ल्याचा दम बराच टिकतो. क्रिस हॉर्नरनं २०१३ मध्ये ४१ व्या वर्षी स्पेनची तीन आठवड्यांची व्हुएल्टा जिंकली. रोबेर मार्शांनं २०१७ मध्ये १०५ व्या वर्षी ट्रॅकवर तासाभरात साडेबावीस किलोमीटर कापले. त्यामुळे पन्नाशीनंतर शर्यत शेवटच्या दोनशे मीटरवर नेण्यापेक्षा लांब, सलग, कंटाळवाणी करण्यात आपला फायदा.

छातीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप: शर्यत तिथेच सोडायची. आणि मोसम सुरू होण्याआधी डॉक्टरकडे जाऊन हृदयाची तपासणी. यात डावपेच नाहीत.

पॉवर मीटर घ्यावा का?

पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारं हे यंत्र सरावाला उपयोगी. शर्यतीत आकडा बघत बसाल आणि पुढचा निघून जाईल. घाटाच्या टाइम ट्रायलला मात्र तोच तुम्हाला निळ्या जर्सीपासून वाचवतो.

काय खायचं?

दोन तासांच्या पुढची शर्यत असेल तर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकांच्या आसपास. एका केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. खजूर, राजगिरा चिक्की, मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत, सगळं चालतं. खायची वेळ हाच डाव आहे: घाटाच्या पंधरा मिनिटं आधी, सपाट रस्त्यावर, घोळक्याच्या मध्यात. घाटात तोंडात चिक्की घेऊन धापा टाकणारा माणूस मी पाहिला आहे. बघवत नाही.

उतारावर वेळ काढता येतो का?

येतो, पण आपल्या घाटांत काढू नका. वाळू, गुरं, उलट्या बाजूनं येणारे दुचाकीस्वार. उतारावर वेग वाढवायला सीट सोडून फ्रेमच्या वरच्या नळीवर बसायची पद्धत यूसीआयनं १ एप्रिल २०२१ पासून बंद केली, तीही व्यावसायिकांसाठी. सोमवारी तुम्हाला ऑफिस आहे.

शेवटचा स्प्रिंट कुठून सुरू करायचा?

वारा नसेल तर दीडशे ते दोनशे मीटरवरून. वारा समोरून असेल तर आणखी उशिरा, पाठीवर असेल तर थोडा आधी. शेवटचा किलोमीटर सुरू होताना पहिल्या पाचांत, आणि चाक अशा माणसाचं धरायचं जो शेवटी खरंच उठतो. वारा बाजूनं असेल तर आडोशाच्या कडेला चिकटून जा, म्हणजे ओलांडणाऱ्याला उघड्या वाऱ्यातून यावं लागेल. मात्र सरळ रेषेत जायचं. दुसऱ्यासमोर आडवं येणं हा डाव नाही, गुन्हा आहे.

हात रेषेच्या नंतर वर करायचे. मिलान–सान रेमो ही इटलीतली एकदिवसीय शर्यत चार वेळा जिंकलेल्या एरिक झाबेलनं २००४ मध्ये ते आधी केले आणि ऑस्कर फ्रेरनं त्याच्या शेजारून चाक पुढे ढकललं.

आता माझं. सासवडच्या बाजूची एक शर्यत, शेवटी हलकासा चढ, आम्ही सहा जण. कडेला दुधाचा टेम्पो उभा होता, त्यापासून रेषेपर्यंत साधारण दोनशे मीटर हे मी सकाळीच मोजून ठेवलं होतं. सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. टेम्पो आला, मी उठलो, मागे कोणी नाही असं वाटलं. तीस मीटर राहिले असताना उजव्या कानाशी अगदी सभ्य आवाज आला, "येऊ का?" आणि बासष्ट वर्षांचे एक काका, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले, माझ्या शेजारून निघून गेले.

नंतर चहाच्या टपरीवर त्यांना विचारलं, मी कधी उठणार हे तुम्हाला कसं कळलं? काका म्हणाले, "तू उठायच्या आधी दोनदा गिअर टाकतोस. टक, टक. सकाळपासून तीन वेळा ऐकलं. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा तुझ्याआधी मी उठलो."

तेव्हापासून मी इतरांचं ऐकायला लागलो. कोणी हल्ल्याआधी बाटलीतून घोट घेतो, कोणी हँडलच्या खालच्या भागात हात नेतो, एक जण चक्क नाक पुसतो. दमलेल्या माणसाचे खांदे हलायला लागतात आणि तो वळणातून बाहेर पडताना एक चाक मागे राहतो. यासाठी कुठलंही मीटर लागत नाही, पण त्यासाठी मान वर हवी. खाली बघून पेडल मारणाऱ्याला आपलेच पाय दिसतात.

मी कायम शेवटच्या दहांत येतो. मला हे सगळं काय कामाचं?

शर्यत फक्त पुढे चालू असते असं कोणी सांगितलं? तुमच्या आसपास तुमच्याच ताकदीचे दोन-तीन जण असतातच. त्यांच्यासोबत टर्न घ्या, वाऱ्यात पंखा लावा, घाटाच्या पायथ्याला त्यांच्या पुढे राहा. गेल्या मोसमात तिशीतल्या पोरांसोबत एकत्र सोडलेल्या एका शर्यतीत आम्ही तिघं एकतिसाव्या जागेसाठी पंधरा किलोमीटर झुंजलो. आयोजक मंडप आवरायला लागले होते, सतरंजी गुंडाळून झाली होती, माइकवर कोणी नव्हतं. एकतिसावा मीच आलो. शेवटच्या वळणाच्या बऱ्याच आधी, बाजूनं एक टेम्पो घरघरत जात असताना, मी दोन्ही गिअर गुपचूप टाकून ठेवले होते.